तळ्यावरची मोजणी

तळ्यावर पोचेपर्यंत थोरलीनं मनाशी एवढंच पक्कं केलं होतं की भावाशी आपण होऊन बोलायचं नाही. तो बोललाच तर उत्तर द्यायचं, पण एका वाक्यात. उन्हाळ्यात आईबाबांच्या स्वयंपाकघरात जे झालं त्याला सात महिने होऊन गेले होते. धाकट्यानं त्या दिवशी हातातला कप खाली न ठेवताच जाहीर केलं होतं की या दोघांनी आता आपलं घर बंद करून त्याच्याकडे राहायला यायचं, खोली तयार आहे, चर्चा नको. थोरली म्हणाली होती, "धडधाकट माणसांना कुलपात ठेवायचंय का तुला?" त्यावर तो चपला घालून निघून गेला होता. तेव्हापासून बहीणभावांची सगळी निरोपानिरोपी भावजयीच्या फोनवरून चालली होती.

पण मोजणीचा रविवार चुकवायचा नाही, हा नेम त्या भांडणापेक्षा फार जुना होता. हिवाळ्यात लांबची बदकं तळ्यावर उतरली की एका रविवारी सगळ्या घरानं बांधावर जाऊन बसायचं, पाण्यावरचं पाखरू न् पाखरू मोजायचं आणि पक्षिमंडळाला तक्ता पाठवायचा. एकतीस वर्षं हे चाललं होतं. बाबा बस चालवत होते तेव्हा या एका दिवसाची रजा ते सहा महिने आधी टाकून ठेवत.

ती पोचली तेव्हा बाबांची निळी गाडी झाडाखाली लागलेली होती. बांधाच्या उंचवट्यावर दोन घडीच्या खुर्च्या, पुढे तिपाईवर दुर्बीण, दुर्बिणीमागे बाबा आणि त्यांच्या कोपराला कोपर लावून आई, मांडीवर क्लिपचं पॅड घेऊन.

"ताई आली," आई म्हणाली. "एकटीच आहे. मोठी पिशवी आणलीय."

"दिसतेय की," बाबा म्हणाले आणि पाण्याकडे तोंड करूनच हसले.

दहा मिनिटांनी धाकटा रिक्षातून उतरून आला. मागून भावजय आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी, चिमणी. चिमणी धावत आजोबांच्या पाठीला बिलगली. धाकटा खुर्चीपुढे येऊन वाकला.

"कसे आहात बाबा?"

बाबांनी मान वळवली. त्यांची नजर धाकट्याच्या चेहऱ्यावर न थांबता त्याच्या कानाच्या बाजूनं पलीकडे गेली, लव्हाळ्यात कुठेतरी. "बरा आहे," ते म्हणाले. "उशीर केलात. टिबुकल्या केव्हाच्या पाण्यावर आल्यात."

धाकट्याचा चेहरा थोरलीनं पाहिला. तोंडात मारल्यासारखा झाला होता. तो सरळ झाला, छोटी दुर्बीण गळ्यात अडकवली आणि बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. बरं झालं, असं क्षणभर थोरलीला वाटलं, आणि वाटल्याबद्दल लाजही वाटली.

मोजणी सुरू झाली. पद्धत ठरलेली होती. बाबा दुर्बीण डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत नाव आणि आकडा बोलणार, आई लिहिणार. बाकीच्यांनी काठावरच्या टिटव्या, शेकाटे मोजून ठेवायचे आणि शेवटी आणून द्यायचे. थोरली आईच्या मागे सतरंजीवर बसली आणि डब्यातले ब्रेडचे तुकडे कागदात बांधू लागली.

"चांदवे," बाबा म्हणाले. "एकेचाळीस."

आईनं लिहिलं.

"तलवार बदक. सात."

थोरलीचा हात थांबला. थोरली कानांच्या दवाखान्यात काम करायची. माणसांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीकात बारीक आवाज सोडून विचारायचं, आला का? वीस वर्षं हेच केल्यामुळे आवाज तिच्या कानातून सहसा सुटत नसे. आणि आत्ता, बाबा 'सात' म्हणायच्या आधी, तिनं सात ठोके ऐकले होते. पेन्सिलीचं मागचं टोक पॅडच्या कडेवर, अगदी हलक्या हातानं.

योगायोग असेल, असं म्हणून तिनं पुढचा तुकडा बांधला. आई पुटपुटली, "काय बाई ती फावड्यासारखी चोच," आणि मग पेन्सिल पॅडवर दोनदा लांब ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ तीन ठोके.

"थापट्या," बाबा म्हणाले. "तेवीस."

लांब ओढ म्हणजे दहा. थोरलीनं डब्याचं झाकण लावलं आणि नुसती ऐकत बसली. पुढच्या पाऊण तासात एकही आकडा ठोक्यांशिवाय आला नाही. जी पाखरं ओरडत होती त्यांची नावं बाबा आपली आपण सांगत होते, आईनं काही सुचवायच्या आत. जी गप्प होती त्यांच्या वेळी आईला आपोआप काहीतरी सुचत होतं, कुणाची शेपटी, कुणाचं पांढरं कपाळ. उमेदीची वर्षं आईनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, इकडचं तिकडे जोडून देण्यात. ते कसब अजून शाबूत होतं.

दवाखान्यात अशी माणसं थोरलीनं खूप पाहिली होती. ऐकू येत नाही हे घरच्यांना कळू नये म्हणून समोरच्याच्या ओठांवरून उत्तरं देणारी, बायकोला शेजारी बसवून तिच्या कोपराच्या इशाऱ्यावर हसणारी. ती पाहिल्या पाहिल्या ओळखू यायची. आणि स्वतःच्या बापाच्या बाबतीत तिला पत्ताही लागला नव्हता. आल्या आल्या आई का सांगत होती, एकटीच आहे, मोठी पिशवी आहे? ते काही बोलायचं म्हणून बोललेलं नव्हतं.

बाबांना दिसत नव्हतं, हे एक. आणि ती निळी गाडी झाडाखाली उभी होती, हे दुसरं. शहराच्या पलीकडच्या टोकापासून इथपर्यंत सगळी वर्दळ ओलांडून.

आता बोलावं, तर उन्हाळ्यात धाकटा म्हणत होता तेच खरं ठरतं. आजच्या आज घराला कुलूप लागेल आणि ते लावायला कारण आपण होऊ. न बोलावं, तर परत जाताना ती गाडी पुन्हा रस्त्यावर येणार. तिनं ठरवलं, आईला बाजूला घेऊन विचारू. शांतपणे, खाणं झाल्यावर.

खायला सगळे आईबाबांच्या खुर्च्यांभोवती सतरंजीवर जमले. धाकटाही आला, पण कडेला, बुटांच्या बाजूला बसला. चिमणी उकडलेलं अंडं सोलता सोलता म्हणाली, "जाताना मी आजोबांच्या गाडीतून जाणार."

"ये की," बाबा म्हणाले. "मागे बसायचं मात्र."

"नाही," थोरली म्हणाली. "ती माझ्याबरोबर येईल."

ते जरा जोरातच निघालं. सगळ्यांचे हात थांबले.

"तुझ्याबरोबर का?" बाबांनी विचारलं.

"माझ्या गाडीत जागा आहे."

"माझ्या गाडीतही आहे. बत्तीस वर्षं बस चालवली मी. एवढासा ओरखडा उमटला नाही कुठे."

"ताई, जाऊ दे ना तिला," भावजय समजुतीनं म्हणाली. "आजोबांबरोबर जायचं म्हणून सकाळपासून नाचतेय ती."

"मला नको वाटतं, एवढंच."

धाकट्यानं मान वर केली. सात महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्याशी थेट बोलला. "तुला नको वाटतं? धडधाकट आहेत म्हणून तूच तर भांडत होतीस."

उत्तर एका वाक्यात द्यायचं तिनं ठरवलेलं होतं. पण हे एका वाक्यात मावणारं नव्हतं. ती उठली आणि बाबांच्या खुर्चीपुढे जाऊन उकिडवी बसली. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि पॅड उराशी धरलं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आई ठोके देते ते मला ऐकू येतात. सकाळपासून ऐकतेय मी."

बाबांनी दुर्बिणीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मी हिला केव्हापासून सांगतोय," ते शेवटी म्हणाले, "जरा हळू वाजव. आपली पोरगी कानांचं काम करते."

"याच्याहून हळू वाजवलं तर तुम्हालाच ऐकू जात नाही," आई म्हणाली.

"किती दिसतं, बाबा?"

"मधलं दिसत नाही. जिथं बघायला जावं तिथंच एक राखाडी डाग येतो. कडेकडेचं दिसतं. आत्ता तू समोर बसलीयस, तर तुला डोकं नाही. खांदे मात्र छान आहेत दोन्ही."

चिमणी फसकन हसली. भावजयीनं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला गप्प केलं.

"डॉक्टरला दाखवलं?"

"तीन झाले," आई म्हणाली. "दर दोन महिन्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. त्यानं वाढायचं थांबलंय. डॉक्टर म्हणतात पूर्ण काळोख नाही व्हायचा, कडा राहतील. दीड वर्ष झालं याला."

"दीड वर्ष," धाकटा म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. त्याचा आवाज चढला नव्हता, पण ऐकवत नव्हता. "आणि तुम्ही गाडी चालवत आलात आज. आईला शेजारी बसवून. आणि जाताना माझ्या पोरीला नेणार होतात."

"त्यांनी नाही चालवली," आई म्हणाली. "मी चालवली."

धाकट्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तळ्यातलं एखादं बदक बोललं. आईनं पॅड खाली ठेवलं, पर्स उघडली, रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, गोळ्यांची पट्टी काढली आणि तळातून एक कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. थोरली उठून त्याच्या खांद्यावरून वाकली. गाडी चालवायचा परवाना होता, आईच्या नावाचा. फोटोत आईचे डोळे मिटलेले होते.

"दोनदा नापास झाले," आई म्हणाली. "दोन्ही वेळा मागे घेताना. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची. मावशी, ब्रेक, मावशी, ब्रेक, एवढंच म्हणायची दिवसभर."

"तिनं नियम शिकवले," बाबा म्हणाले. "गाडी मी शिकवली. शेजारी बसतो आणि इंजिन ऐकून गिअर सांगतो. आता सांगावं लागत नाही फारसं."

थोरली सतरंजीवर मटकन बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. तिला हसू आवरत नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी, कुणाला कळू न देता, ही बाई क्लच दाबायला शिकली होती.

"एक सांगायचं राहिलं," आई म्हणाली. तिला अर्धवट कबुली जमत नसे. "तळ्याच्या फाटकापासून त्या झाडापर्यंत गाडी त्यांनी आणली. तुमच्यापैकी कुणी आधी येऊन बसलं असेल तर ते चालवताना दिसावेत म्हणून."

"आई, एका बाजूला पाणी आहे," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे. तेवढा वेळ मी श्वास घेतला नव्हता."

"चूक झाली ती," बाबा म्हणाले. वाद घालायचा त्यांचा सूर नव्हता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि चाचपडत आईच्या तळहातावर ठेवली. "पुन्हा नाही."

"पण सांगितलं का नाहीत आम्हाला?" थोरलीनं विचारलं. "मला तरी?"

"तुला कसं सांगणार? तू आमच्या बाजूनं एवढी भांडलीस. धडधाकट म्हणालीस. तुला खोटं पाडायचं मला जमेना. आणि ड्रायव्हरचे डोळे गेले म्हटल्यावर मागे राहतं काय, ते मलाही अजून कळायचं होतं."

हे थोरलीच्या फार आत लागलं. आपण त्यांची ढाल झालो असं ती सात महिने समजत होती, आणि त्या ढालीमागे ती दोघं अडकून पडली होती.

भावजय इतका वेळ चिमणीला धरून उभी होती. आता ती नवऱ्याकडे वळली. "आता तुम्हीही बोला. नाहीतर मी बोलते. सात महिने हा माणूस धड झोपलेला नाही."

"नंतर," धाकटा म्हणाला.

"आत्ता."

धाकटा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. बोलताना त्याला हाताशी काहीतरी लागे. त्यानं दुर्बिणीचा पट्टा धरला आणि तो बोटांना गुंडाळू लागला.

"भांडणाच्या आधी पंधरा दिवस," तो म्हणाला, "मी एका इमारतीत लिफ्टचं दार बसवत होतो. खालच्या मजल्यावर. शेजारच्या लिफ्टमधून बाबा बाहेर आले. एकटेच. मी हात वर केला, हसलो. माझ्या तोंडात स्क्रू होते, बोलता आलं नाही. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी सरळ, आणि बाजूनं निघून गेले. एवढ्या अंतरावरून." त्यानं हात पुढे करून अंतर दाखवलं. "स्क्रू थुंकेपर्यंत ते रस्त्याला लागले होते. मला वाटलं, बाबांचं डोकं गेलं. स्वतःचा मुलगा ओळखू येईना. मी रात्रंदिवस विसरण्याच्या आजाराबद्दलच वाचत बसलो. म्हणून म्हणालो घर बंद करा, माझ्याकडे या. आणि नंतर भांडण झालं, तेव्हा वाटलं, कदाचित ओळखतात, पण तोंड बघायचं नाहीये माझं. आजही सकाळी..." त्यानं पट्टा सोडला. "दोन्हींतलं कुठलं बरं, तेच कळत नव्हतं."

"चौथ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे तिथं," आई म्हणाली. "मी औषधांच्या रांगेत होते. हे पुढे निघून गेले."

"तिथं कुणीतरी होतं खरं," बाबा सावकाश म्हणाले. "हातात काहीतरी हत्यार होतं. मला वाटलं मिस्त्री आहे कुणी."

"मिस्त्रीच होतो."

बाबांनी हात पुढे केला. "इकडे ये. असा, उजेडात बस."

धाकटा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. बाबांनी मान वळवून तोंड पार दुसरीकडे, पाण्याकडे नेलं, आणि तसेच थांबले. धाकट्याचा चेहरा पुन्हा पडला. आता थोरलीलाच राहवलं नाही.

"अरे, ते तुझ्याकडेच बघताहेत," ती म्हणाली. "कडेनं. सकाळीही बघत होते."

"हं," बाबा म्हणाले, तोंड तसंच पाण्याकडे ठेवून. "आलास आता. दाढी कधी ठेवलीस?"

"पाच महिने झाले."

"शोभत नाही तुला."

धाकटा हसायला गेला आणि ते हसू मध्येच मोडलं. त्यानं कपाळ बाबांच्या गुडघ्यावर टेकलं. बाबांचा हात त्याच्या केसांवरून, कानावरून, त्या न शोभणाऱ्या दाढीवरून फिरत राहिला. भावजय रुमाल शोधू लागली, आणि आईनं परवाना उचलून आपल्या पदराला पुसला, जसं काही त्यालाच धूळ लागली होती.

चहा झाला. उरलेलं अर्धं तळं मोजायचं होतं आणि ऊन चढायच्या आत मोजायला हवं होतं. थोरली थर्मास विसळायला पाण्याच्या कडेला गेली तसा धाकटा मागोमाग आला आणि कपांची टोपणं घेऊन शेजारी बसला.

"मला एक फोन करायचास," ती म्हणाली.

"काय सांगायला? बाबांना वेड लागलंय म्हणून?"

"तेच सांगायचं." तिनं थर्मास उपडा केला. "कुलूप म्हणायला नको होतं मी."

"चर्चा नको, असं मीही म्हणायला नको होतं." त्यानं एक टोपण पाण्यात बुडवलं. "आता करू या चर्चा. ती राहतात तिथं राहू देत. पण इंजेक्शनच्या दिवशी मी नेणार."

"एकदा तू, एकदा मी."

"बरं."

वर आल्यावर बाबांनी धाकट्यालाच दुर्बिणीमागे बसवलं. लिफ्टमधलं त्याला सगळं कळे, पाखरांतलं काडीचं कळत नसे. लहानपणापासून तो मोजणीला फक्त खायला येतो, असं आई म्हणे.

"काळी बदकं," तो म्हणाला. "बारा."

"चोच कशी आहे?"

"पांढरी. कपाळही पांढरं."

"चांदवे आहेत ते. बदक म्हणे. चाळीस वर्षांचा झालास." बाबांच्या आवाजात इतका आनंद होता की त्यांना तो लपवता येईना. "पुढे."

"पुढे काळंच आहे एक. खांबावर पंख पसरून बसलंय, कपडे वाळत घातल्यासारखं."

"पाणकावळा. हे तरी माहीत असायला हवं होतं."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर कशानं तरी बिचकून तलवार बदकांचा एक थवा उठला. पाण्याला फटकारत वर आला आणि डोक्यावरून वळसा घेऊन गेला. बाबांनी मान आडवी केली आणि बोट आकाशात धरलं. "हे दिसलं मला," ते म्हणाले. "हे नीट दिसतं." थवा परत पाण्यावर उतरेपर्यंत ते बोट वरच होतं.

दुपारी तक्ता पुरा झाला. तळाशी मोजणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती आणि सवयीनं आई बाबांचं नाव लिहू लागली.

"तुझं लिही," बाबा म्हणाले. "मागच्या वर्षीही तूच मोजलीस."

"दोघांचं लिहिते."

"तुझं आधी."

निघताना कोण कुठे बसणार यावरून पुन्हा थोडी गडबड झाली, पण ती हसण्याखिदळण्याची. चिमणी आजीच्या गाडीत मागे बसली आणि तिच्याशेजारी धाकटा. त्याला आईची गाडी बघायची होती म्हणे. खरं तर त्याला बाबांच्या मागे बसायचं होतं. भावजय थोरलीबरोबर आली. सगळ्यांच्या देखत आईनं आरशात पाहिलं, सीट पुढे ओढली आणि गाडी बांधावरून मागे घेतली. पाण्याकडची बाजू होती ती. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून, गिअरही न सांगता, नुसते बसले होते.

रस्त्याला लागल्यावर थोरली त्यांच्या मागोमाग राहिली. आईच्या गाडीचा वेग सायकलवाल्याला लाजवणारा नव्हता. डावीकडे वळताना लावलेला दिवा पुढचे दोन मैल तसाच उघडझाप करत राहिला, आणि मागच्या काचेतून दिसत होतं की धाकटा पुढे वाकून बाबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगतोय, आणि बाबा मान पार खिडकीकडे वळवून ऐकताहेत.

"ताई, पुढे जायचं का?" भावजयीनं विचारलं. "रस्ता मोकळा आहे."

"नको," थोरली म्हणाली आणि गिअर खाली आणला.